प्रार्थना कीटकाचे कूळ कोणते?

पावसाळा ओसरू लागला, कपाशीची बोंडे भरू लागली आणि तूर फुलोऱ्याच्या बेतात आली, की अमरावती-अकोल्याकडच्या घरांत रात्रीच्या दिव्याशी एक हिरवा पाहुणा येऊ लागतो. लांब मान, त्रिकोणी डोके आणि पुढचे दोन पाय असे दुमडलेले, की जणू कोणी हात जोडून उभे आहे. मुले ‘नाकतोडा आला’ म्हणून ओरडतात. घरातील वडीलधारी मंडळी त्याला एखाद्या कागदावर घेऊन अलगद बाहेर सोडून देतात. चातुर्मासात आपल्या घरांतून ही काळजी विशेष घेतली जाते, हे वाचकांस सांगावयास नको. परंतु ज्याला आपण इतक्या जपणुकीने बाहेर नेऊन ठेवतो, तो आहे तरी कोण? तो नाकतोडा नव्हे. त्याचे नाव प्रार्थना कीटक. मग त्याचे नातेवाईक कोण आणि ते नाते ठरविले कोणी? आजच्या लेखात याच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

वाणिज्य शाखेच्या माणसाने कीटकांत का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की वर्गीकरण हा विषय जितका प्राणिशास्त्राचा, तितकाच खातेवहीचा आहे. कर्जवाटपाचे काम ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक असते, की एकाच बाजारपेठेत एकाच नावाच्या दोन पेढ्या असू शकतात आणि त्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नसतो. उलट, एक दालमिल, एक वाहतूक कंपनी आणि एक कापडाचे दुकान, तिघांची नावे निराळी, धंदे निराळे, फलक निराळे. पण कागदपत्रे उलगडली की तिन्ही एकाच घरातली निघतात. म्हणूनच कोणते कर्जदार एका समूहातले मानावेत हे ठरविताना रिझर्व्ह बँकेने जे सूत्र दिले, त्यात नावाला वा धंद्याला महत्त्व नाही. व्यवस्थापन एकच आहे काय आणि प्रत्यक्ष नियंत्रण कोणाच्या हाती आहे, हे पाहावयाचे असते. फलक रंगविता येतो. भागीदारीचा दस्त रंगविता येत नाही. प्रार्थना कीटकांच्या वर्गीकरणाचा अडीचशे वर्षांचा इतिहास म्हणजे फलक वाचण्यापासून दस्त वाचण्यापर्यंतचा प्रवास आहे.

फलकाने फसविण्याची सुरुवात नावापासूनच होते. ‘मॅन्टिस’ हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ भविष्य सांगणारा, द्रष्टा. युरोपात आढळणाऱ्या जातीला ‘मॅन्टिस रिलिजिओसा’, म्हणजे धर्मशील द्रष्टा, असे नाव मिळाले. हे सारे त्या जोडलेल्या हातांमुळे. वस्तुतः ते हात प्रार्थनेसाठी जोडलेले नसतात. त्यांच्या आतल्या कडेला काट्यांच्या दोन रांगा असतात आणि भक्ष्य टप्प्यात येताच ते हात डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच चिमट्यासारखे मिटतात. आपल्या भाषेत यालाच बगळ्याचे ध्यान म्हणतात. हा कीटक पूर्णतः मांसाहारी आहे. पाने त्याच्या आहारात नाहीत. नाकतोड्यापासून त्याला वेगळे करणारी पहिली खूण हीच.

तथापि नाकतोडा आणि प्रार्थना कीटक यांत गल्लत करणारे आपणच पहिले नव्हेत. जीवसृष्टीला शिस्तशीर नावे देणाऱ्या स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्रार्थना कीटकांना ‘ग्रायलस’ या प्रजातीत, म्हणजे नाकतोडे, टोळ आणि रातकिडे यांच्याच पंगतीत बसविले होते. अंग लांबट, पंख सरळ पाठीवर घडी केलेले, पाय लांब. एवढ्या साम्यावर ते नाते जुळले. पुढे १८३८ साली जर्मन कीटकशास्त्रज्ञ हेर्मान बुर्माइस्टर यांनी प्रार्थना कीटकांच्या गटाला ‘मॅन्टोडिया’ हे स्वतंत्र नाव दिले. आज तो एक स्वतंत्र गण मानला जातो. गण, कूळ, प्रजाती आणि जाती अशी ही उतरती मांडणी असते; व्यापाऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर मुख्य खाते, पोटखाते आणि त्याखालील नोंदी.

मग या गणाचे खरे भाऊबंद कोण? उत्तर ऐकून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतील. प्रार्थना कीटकाचा जवळचा नातलग नाकतोडा नसून झुरळ आहे. आणि झुरळाबरोबरच वाळवीही. पाहण्यात या तिघांत काय साम्य आहे? जवळजवळ काहीच नाही. परंतु दस्त उघडला, की नाते दिसू लागते. नाकतोड्याची मादी मातीत उदर खुपसून अंडी घालते. प्रार्थना कीटकाची मादी आपल्या शरीरातून फेस सोडून त्यात अंडी ओळीने रचते. फेस वाळून त्याची टणक डबी होते. झुरळाची मादीही अंडी अशाच एका बंद डबीत ठेवते; स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडलेली ती तपकिरी, पाकिटासारखी वस्तू बहुतेकांनी पाहिली असेल. दुसरा पुरावा आणखी आतला आहे. कीटकाच्या डोक्याच्या पोकळीत आधारासाठी एक छोटा सांगाडा असतो. प्रार्थना कीटक, झुरळ आणि वाळवी या तिघांतही त्या सांगाड्याला एक छिद्र असते. हे छिद्र बाहेरून कोणाला दिसत नाही आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. पुढे आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनेही हेच नाते पक्के केले. इतकेच नव्हे, तर वाळवी ही झुरळांच्याच एका शाखेतून निघाली, हेही २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ठळकपणे पुढे आणले. मानाचे नाव मिळालेला साधू आणि घरोघरी हाकलून दिला जाणारा झुरळ, दोघे एका वंशाचे आहेत.

याच्या नेमके उलट उदाहरणही आहे. ‘मॅन्टिस्पिड’ नावाचे छोटे कीटक असतात. त्यांचे पुढचे पाय हुबेहूब प्रार्थना कीटकासारखे, तसेच दुमडलेले, तसेच काटेरी. नवख्या माणसाने ते प्रार्थना कीटकच म्हणून नोंदवावेत. पण त्यांचे पंख जाळीदार आणि पारदर्शक असतात. प्रार्थना कीटकाचे पिलू डबीतून बाहेर पडते तेव्हा ते आईबापांचीच बिनपंखी लहान प्रतिकृती असते आणि कात टाकत टाकत मोठे होते. मॅन्टिस्पिडाची मात्र आधी अळी होते, मग कोष आणि मग प्रौढ कीटक. हा तर क्रायसोपाचा भाऊबंद, म्हणजे मावा खाणाऱ्या त्या नाजूक हिरव्या कीटकाचा, ज्याला आपल्याकडील शेतकरी मित्रकीटक म्हणून ओळखतात. झडप घालून शिकार करण्याचा धंदा एकच, म्हणून हत्यारही एकसारखे घडले. घराणे मात्र वेगळे. एकाच गल्लीत दोन सोनारांच्या हाती एकसारखी हातोडी असते, एवढ्यावरून ते चुलतभाऊ ठरत नाहीत.

आता खुद्द प्रार्थना कीटकांच्या घरात डोकावू. जगात त्यांच्या सुमारे २,४०० ते २,५०० जाती ज्ञात आहेत. त्यांची कुळवार वाटणी कशी करावी, यावर गेल्या शतकात बरेच परिश्रम झाले. ऑस्ट्रियाचे माक्स बायर यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या व्यवस्थेत आठ कुळे होती. त्यांतील काही कुळांत तर एकेकच प्रजाती होती, आणि बहुसंख्य जाती ‘मॅन्टिडी’ या एकाच विशाल कुळात कोंबलेल्या होत्या. हिशेबनीसाला अशा खात्याची ओळख आहे. ज्या रकमेचे खाते कळत नाही ती तूर्त उचंत खात्यात टाकायची आणि वर्षअखेरीस पाहू म्हणायचे. मॅन्टिडी हे प्रार्थना कीटकांचे उचंत खाते झाले होते. ज्याला फुलासारखी झालर नाही, डोक्यावर शंकू नाही, जो वाळवंटातला नाही, तो मॅन्टिडीत. २००२ साली जर्मनीचे राइनहार्ड एरमान यांनी जगातील साऱ्या जातींची सूची प्रसिद्ध केली तेव्हा कुळांची संख्या पंधरा झाली होती. तरीही वाटणीचा पाया मुख्यतः बाह्य रूप हाच होता.

आणि बाह्य रूप हेच तर या कीटकांचे भांडवल. गवतात राहणारा गवताच्या पात्यासारखा, काटकीवर राहणारा काटकीसारखा, फुलावर बसणारा पाकळीसारखा, खोडावर राहणारा सालीसारखा. शत्रूला चुकवावयाचे आणि भक्ष्याला फसवावयाचे, तर परिसरासारखे दिसणे भाग आहे. याचा अर्थ असा, की दोन वेगळ्या खंडांत, दोन वेगळ्या घराण्यांतील कीटक झाडाच्या खोडावर राहू लागले, तर लाखो वर्षांनी दोघेही चपटे, करड्या रंगाचे आणि चपळ होणार. ज्या लक्षणावर परिसराचा दाब असतो, ते लक्षण परिसराची माहिती देते, पूर्वजांची नव्हे.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. खोडावरच्या चपट्या प्रार्थना कीटकांचे उदाहरण घ्या. दक्षिण व मध्य अमेरिकेतील ‘लिटुर्गुसा’ आणि आपल्या भारतातील ‘हम्बर्टिएला’ हे दोघे इतके सारखे दिसतात, की अनेक वर्षे ते एकाच कुळात नांदत होते. अमेरिकेतील गॅव्हिन स्वेन्सन आणि मायकेल व्हायटिंग यांनी २००४ आणि २००९ साली आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवर आधारलेले अभ्यास प्रसिद्ध केले, तेव्हा जुन्या वाटणीतील अनेक कुळे एका पूर्वजाची नसून निरनिराळ्या घराण्यांतील सारख्या दिसणाऱ्यांची मोळी होती, असे दिसून आले. अनेक बाबतींत, एकाच भूभागातील वेगवेगळ्या रूपाचे कीटक हे दूरच्या खंडातील आपल्या सारख्या दिसणाऱ्या जोडीदारापेक्षा परस्परांना अधिक जवळचे निघाले. खंड एकमेकांपासून दुरावत गेले, प्रत्येक भूभागावर उरलेल्या घराण्याने आपल्यापरीने खोड, गवत, काटकी अशा सर्व जागा भरल्या. लिटुर्गुसाचे कूळ आता केवळ अमेरिका खंडापुरते उरले असून आपला हम्बर्टिएला ‘गोनिपेटिडी’ या निराळ्या कुळात नोंदला जातो.

या साऱ्या पुराव्यांचा मेळ घालून ख्रिश्चन श्वार्झ आणि रॉजर रॉय यांनी २०१९ साली नवी मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यात एकोणतीस कुळे आहेत. आनुवंशिक द्रव्याबरोबर त्यांनी जो मुख्य शारीरिक पुरावा घेतला, तो नराच्या उदराच्या टोकाशी आत दडलेल्या जननांगांच्या रचनेचा. ही निवड मार्मिक आहे. ते अवयव सालीसारखे वा पानासारखे दिसण्याची काही गरज नसते. त्यामुळे परिसर त्यांना मुखवटा चढवीत नाही. घराण्याची ठेवण तिथे टिकून राहते. आनुवंशिक द्रव्याचा कौल आणि या रचनेचा कौल जिथे जुळला, तिथे खाते पक्के झाले. दोन स्वतंत्र वह्यांतील शिल्लक जुळली, की हिशेबनीस निर्धास्त होतो, तसेच हे.

भारतीय वाचकाला या नव्या वाटणीत ओळखीचे चेहरे भेटतात. बागेतील मोठा, हिरवा, दणकट ‘हिरोडुला’ मॅन्टिडी कुळातच राहिला. वाळक्या काडीसारखा लांबलचक ‘एथॅलोक्रोआ’ टॉक्सोडेरिडी कुळात गेला आणि गवतातला ‘डीफोबी’ रिव्हेटिनिडी कुळात. बायर यांच्या मांडणीत हे तिघेही एकाच मॅन्टिडीत होते. पंखांवर डोळ्यासारखा ठिपका मिरविणारा छोटा ‘क्रिओब्रोटर’ हायमेनोपोडिडी या फुलवेड्यांच्या कुळातला. आणि दक्षिण भारत व श्रीलंकेत प्रसिद्ध असलेला, व्हायोलिनच्या दांड्यासारखी मान असलेला ‘गॉन्जिलस’ हा एम्पुसिडी कुळातला. क्रिओब्रोटर आणि गॉन्जिलस यांच्या पायांना पाकळीसारख्या झालरी असतात, म्हणून ते सख्खे वाटतील; पण गॉन्जिलसच्या कुळातील नरांच्या मिशा कंगव्याच्या दात्यांसारख्या असतात, ही त्यांच्या घराण्याची खूण.

आपल्या देशात हे काम नवे नाही. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक जेम्स वुड-मेसन यांनी तेथील संग्रहातील प्रार्थना कीटकांची सूची १८८९ आणि १८९१ साली दोन भागांत प्रसिद्ध केली. शंभर वर्षांनंतर, १९९५ साली, टी. के. मुखर्जी, ए. के. हाजरा आणि ए. के. घोष यांनी भारतातील प्रार्थना कीटकांचा विस्तृत ग्रंथरूप आढावा घेतला. त्यात दीडशेहून अधिक जातींची नोंद आहे. आज कोणी अभ्यासक मेळघाटात किंवा काटेपूर्णा अभयारण्यात एखादा कीटक पाहतो, तेव्हा त्याची ओळख पटविण्यासाठी तो याच वह्या उघडतो. जुनी वही फाडून टाकली जात नाही. नव्या वहीत तिच्यातील शिल्लक पुढे ओढली जाते आणि दुरुस्तीची नोंद कारणासह लिहिली जाते.

येथे एक शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्या परंपरेतही जीवांचे सूक्ष्म वर्गीकरण आहे. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतची ती पायरी आपण बालपणापासून शिकलो. तत्त्वार्थसूत्रात कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य ही तिची उदाहरणे दिली आहेत. मग हे वर्गीकरण खरे की ते? माझ्या मते प्रश्नच निराळे आहेत. इंद्रियांवरील वर्गीकरण विचारते, की या जीवाला किती जाणीव आहे आणि म्हणून माझ्या वागण्यात किती सावधपणा हवा. कुळांचे वर्गीकरण विचारते, की हा जीव कोणापासून आला. एकच व्यवहार आपण आयकरासाठी एका शीर्षकाखाली आणि दुकानाच्या नफ्यातोट्यासाठी दुसऱ्या शीर्षकाखाली मांडतो. दोन्ही मांडण्या आपापल्या प्रश्नापुरत्या बरोबर असतात. गोंधळ होतो तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहिले तर.

शेवटी व्यवहाराचा प्रश्न उरतोच, कारण आपण व्यापारी माणसे. या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय? पहिला उपयोग शेतातला. आपल्यातील अनेक कुटुंबांची कृषी सेवा केंद्रे आहेत, अनेकांची शेती आहे, अनेकांचा धंदा तुरीवर आणि कापसावर उभा आहे. ज्याला नाकतोडा म्हटले, तो पीक खाणारा ठरला. आणि जो पीक खाणारा ठरला, त्याच्यावर फवारणी आली. नावाच्या एका चुकीने रक्षक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. प्रार्थना कीटक सर्व किडींचा बंदोबस्त करील, असा दावा मी करणार नाही. तो टोळ खातो तशी मधमाशी आणि फुलपाखरूही खातो, त्याच्याजवळ आपपरभाव नाही. परंतु तो पिकाचे पान खात नाही, एवढे निश्चित. सरसकट मारणारे औषध किडीबरोबर किडीचे शत्रूही मारते आणि शत्रू नाहीसे झाले, की कीड पुन्हा जोमाने उठते, हे कृषी विद्यापीठांचे तज्ज्ञ सतत सांगत असतात. गिऱ्हाइकाने ‘नाकतोड्याचे औषध द्या’ म्हटले, तर पुढ्यातल्या दुकानदाराने ‘तो पाने खाताना दिसला काय?’ एवढे विचारावे. एका प्रश्नाने विक्री कदाचित थोडी घटेल. विश्वास मात्र वाढेल.

दुसरा उपयोग घरातला. दिवाळीची साफसफाई करताना तुळशीच्या काडीवर, कुंपणाच्या तारेवर किंवा खिडकीच्या चौकटीला वाळलेल्या फेसाचा, भुरकट रंगाचा, दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा एक गोळा चिकटलेला दिसतो. मातीचे काहीतरी समजून तो खरवडून टाकला जातो. ती या कीटकाची अंड्यांची डबी असू शकते आणि तिच्यात एकाच वेळी कित्येक डझन, मोठ्या जातींत शेकड्यांनीही जीव असतात. दिव्यावर आलेला एक कीटक कागदावर घेऊन बाहेर सोडणारे आपले हात त्याच आठवड्यात केरसुणीने शंभरांना झाडून टाकतात, ते केवळ ओळख नसल्यामुळे. करुणा असून भागत नाही. तिला माहितीची जोड लागते. डबी आहे तिथेच राहू द्यावी, एवढे पुरे.

तिसरा उपयोग मनाचा. मुक्तागिरीला जाल तेव्हा वाटेतील जुन्या झाडांच्या खोडांकडे मुलांना दोन क्षण निरखून पाहू द्या. सालीचा एखादा तुकडा चालू लागला, तर तो कोणत्या कुळातला हे त्यांना लगेच सांगता येणार नाही आणि त्याची घाईही नाही. हा सालीसारखा का दिसतो आणि याचे पूर्वज कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे त्यांच्या ध्यानात आले तरी खूप झाले. माणसांची पारख करतानाही हाच भेद उपयोगी पडतो. वेश, भाषा, जोडलेले हात आणि दुकानावरचा फलक हे परिसराने दिलेले असतात. नाते आणि पत ठरवावयाची, तर आतला दस्तच पाहावा लागतो.